कूलरच्या पोटातले शिंपले

मित्रांनो, कूलर म्हटलं की तुम्हाला भर उन्हात खिडकीबाहेर घरघरणारी पत्र्याची पेटी आठवत असेल. मीही तसाच होतो. आता माझ्यात पंखा नाही, मोटर नाही, खस तर केव्हाच कुजून गेली. गेली काही वर्षं मी आमच्या गावच्या तलावात कमरेइतक्या पाण्यात उभा आहे आणि माझ्या पोटात शिंपले राहतात. हे कसं घडलं ते मला तुम्हाला सांगायचं आहे. त्यात माझी गोष्ट थोडी आणि ज्याने मला बनवलं त्या माणसाची जास्त आहे.

केळापूर तालुक्यातलं आमचं गाव कापसाच्या बाजाराचं. गावाच्या एका अंगाला मोठा तलाव आणि तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून जिनिंगची भिंत. मुजफ्फर या जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, फिटर होता. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. एकोणीसशे एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात त्याने एका मोडीत निघालेल्या यंत्राचा पत्रा आणि उरलेसुरले अँगल गोळा केले आणि मला बनवलं. तीन बाजूंना खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या, समोर जाळी, खाली पाण्याचं टाकं. आवारात हमालांची लेकरं खेळत, त्यांना धावता धावता लागू नये म्हणून माझे चारही कोपरे त्याने कानशीने घासून गोल केले. मग यंत्रांना देतात तोच हिरवा रंग मला दिला आणि मॅनेजर देवीलालजींच्या ऑफिसच्या खिडकीत मला बसवलं.

ती माझी कौतुकाची वर्षं होती. कापसाच्या गाड्या फाटकापासून पार मोठ्या रस्त्यापर्यंत उभ्या असत. गाडीवान असो, हमाल असो, रुई वेचणाऱ्या बाया असोत, ऑफिसात जो येई तो आधी माझ्यासमोर उभा राहून मानेचा घाम वाळवी आणि मग कामाचं बोले. बाहेरगावचे व्यापारी आले की देवीलालजी माझ्या पाठीवर थाप मारून सांगत, हा आमच्या मिस्त्रीने घरच्या घरी बनवला.

माझ्या टाक्यात रोज तलावाचं पाणी भरत. ते इतकं नितळ असे की टाक्याच्या तळाशी पडलेला खिळा वरून दिसायचा. त्या पाण्याला कोण नितळ ठेवतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असायला हवं होतं, कारण त्यांना घेऊन मैनाबाई दर उन्हाळ्यात जिनाच्या फाटकाशी यायची.

मैनाबाई भोयांच्या वस्तीतली. नवरा तलावात जाळं टाकी आणि पाणी उतरलं की ती शिंपले काढी. पदर खोचून पाण्यात उतरायची, चिखलात पाय रोवून टाचेने चाचपत हळूहळू पुढे सरकायची, टाचेला कडक लागलं की बुडी मारून वर काढायची. दुपारपर्यंत टोपली भरे. त्या दिवशी हमालांच्या घरोघर शिंपल्यांची भाजी असे. मिस्त्रीच्या घरी शिंपले खात नसत, पण त्याची बायको खातूनबी रिकामे शिंपले आवर्जून मागून घ्यायची. दगडावर घासून पाठीला भोक पाडलं की कैरी सोलायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, असं ती म्हणे.

जिनाच्या मागच्या बाजूला सरकीचं तेल काढत. ते तेल सोड्याने धुतलं की काळं, बुळबुळीत पाणी उरे आणि ते आवारातल्या एका खड्ड्यात सोडत. शहाण्णवच्या हिवाळ्यात तो खड्डा भरून वाहायला लागला. देवीलालजी वाईट माणूस नव्हते. हमालांना ते नावानिशी ओळखत, कुणाच्या घरी आजारपण असलं तर स्वतः जाऊन येत. पण व्यापारी यायच्या दिवसांत आवारात घाण वास नको, एवढं एकच त्यांच्या डोक्यात बसलं होतं. त्यांनी मिस्त्रीला ऑफिसात बोलावलं. हिवाळा असल्यामुळे माझ्यावर चादर घातलेली होती, पण मला सगळं ऐकू आलं. खड्ड्यापासून पाळीखालून एक पाइप काढायचा. त्याचं तोंड तलावात, पाण्याच्या खाली, पिचिंगच्या, म्हणजे पाळीच्या उतारावर रचलेल्या, दगडाआड ठेवायचं, म्हणजे कुणाला दिसणार नाही.

मिस्त्रीने आपले दोन्ही तळहात पुढे केले. त्या पाण्याने हाताची कातडी निघते, असं तो म्हणाला.

"एवढ्या मोठ्या तलावात एवढंसं पाणी काय करणार?" देवीलालजी म्हणाले.

मिस्त्रीने हात मागे घेतले. मग त्याने किती फूट पाइप लागेल ते सांगितलं.

चार दिवसांत काम झालं. पाइपचा नळ आठवड्यातून एकदा, संध्याकाळच्या अजानच्या वेळी उघडायचा असं ठरलं, कारण तेव्हा घाटावर कुणी नसे.

पुढच्या उन्हाळ्यात मैनाबाईची टोपली अर्धीच भरली. त्याच्या पुढच्या वर्षी तळ झाकेल एवढेच शिंपले होते आणि नंतर तर नुसत्या उघड्या, पांढऱ्या शिंपा मिळायला लागल्या. तलावातले शिंपले आपल्यावर रुसले असं तिला वाटलं. तिने घाटाच्या दगडाला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. तरीही दर वर्षी ती पाण्यात उतरायची आणि तास तास टाचेने चिखल चाचपत फिरायची.

इकडे माझ्याही टाक्यात पांढरी खपली धरू लागली. वाऱ्याला कुबट वास यायला लागला. देवीलालजींनी नाक मुरडलं, आवारात बोअर मारून घेतली आणि यापुढे कूलरमध्ये तलावाचं पाणी घालायचं नाही असं सांगितलं. त्या वर्षी खस बदलायला मिस्त्री आला. त्याने नखाने ती पांढरी खपली खरवडली, बोटावर घेऊन पाहिली आणि बाहेर जाऊन दोनदा हात धुतले. तो कुणाला काही बोलला नाही. मीही बोलू शकत नव्हतो.

मग दोन हजार चार साल उजाडलं. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यातल्या कापूस पिकवणाऱ्या घरांवर फार वाईट दिवस आले. ते दुःख मोठं आहे, आणि जे माझ्यासमोर घडलं नाही त्याबद्दल मी काही सांगू नये. माझ्या खिडकीतून एवढंच दिसलं की आधी गाड्यांची रांग फाटकापर्यंत आखूड झाली, मग आठवड्यात चारदोन गाड्या आल्या आणि मग आवारात शेळ्या चरायला लागल्या. जिन बंद पडलं. देवीलालजी त्यांच्या गावी परत गेले. जाताना मिस्त्रीला म्हणाले, तुझा कूलर तू घेऊन जा. मागची तेलाची गिरणी तेवढी दुसऱ्या मालकाने घेतली. तिथे बाहेरगावाहून सरकी येऊ लागली आणि मिस्त्रीचा मुलगा शाहिद तिथे बॉयलरवर कामाला लागला. घरात महिन्याचा पगार तेवढा त्याचाच राहिला. मिस्त्री घरी बसून लोकांचे कूलर, पंखे, शिलाई मशीन दुरुस्त करू लागला.

मी दोन उन्हाळे खातूनबीच्या खाटेशी चाललो. नंतर माझी मोटर जळाली. दुरुस्तीची कामं इतकी असताना स्वतःच्या घरातल्या वस्तूला कोण विचारतो? मला परसात ठेवलं. माझ्या टाक्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. उन्हाने रंगाचे पोपडे निघाले. खोटं कशाला बोलू मित्रांनो, मला वाईट वाटायचं. कोंबड्यांचा राग नव्हता. पण कुणी पाणी घालेल, कुणी बटण दाबेल, अशी वाट बघायची सवय लवकर जात नाही.

दोन हजार सहाच्या एप्रिलमध्ये तलावातले मासे मेले. सकाळी लोक घाटावर गेले तर पाण्यावर सगळीकडे पांढरी पोटं. चार दिवस वासाने गावात दारं-खिडक्या बंद होत्या. लोक चिडले. तलाव आता गटारच झाला, तो बुजवून बाजाराचं मैदान करावं, असं बोलणं सुरू झालं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वास सुटला तर माती टाकायला सुरुवात करायची, इथपर्यंत ते आलं. भोयांच्या वस्तीत अकरा घरं होती आणि अकराही घरांचं पोट तलावावर होतं.

मिस्त्रीची मुलगी नाजिया यवतमाळला शिकून आली होती आणि गावातल्याच शाळेत तुटपुंज्या मानधनावर विज्ञान शिकवायची. एके दिवशी तिने आमच्या परसात, माझ्याच डोक्यावर, लोणच्याच्या दोन मोठ्या काचेच्या बरण्या ठेवल्या. दोन्हींत तलावाचं हिरवं पाणी भरलं. एकीत सहा शिंपले सोडले. ते तिने मैनाबाईकडून मागवले होते. मैनाबाईचं माहेर महागाव तालुक्यात पूस नदीच्या काठी, आणि तिथे अजून शिंपले होते. सकाळी बरण्या ठेवल्या. दुपारच्या चहाच्या वेळेला एका बरणीतलं पाणी तसंच हिरवं होतं आणि दुसऱ्या बरणीतून पलीकडची भिंत दिसत होती.

मैनाबाई बरणीपुढे उकिडवी बसली. तिने काचेला नाक लावून आत पाहिलं.

"मी जन्मभर यायले खाल्लं," ती म्हणाली. "हे काय करून राह्यले ते कधी पाह्यलंच नाई."

नाजियाने तिला समजावून सांगितलं. शिंपला पाणी आत ओढतो, त्यातली घाण, शेवाळ खातो आणि पाणी परत बाहेर सोडतो. एक शिंपला दिवसात एखाद-दोन बादल्या पाणी गाळतो. हजारो शिंपले होते तेव्हा ते अख्खा तलाव गाळत होते. मैनाबाईने पदराने हात पुसले आणि उद्याच माहेरी जाते म्हणाली.

ती गेली आणि चौथ्या दिवशी दोन ओल्या पोत्यांत शिंपले भरून एस.टी.ने परत आली. पोती गळत होती म्हणून कंडक्टरने तिला मध्येच उतरवायला घेतलं होतं. तिने म्हणे त्याला सांगितलं की पोत्यात लेकरं आहेत, सुकली तर मरतील. सगळी गाडी हसली आणि कंडक्टरने स्वतःच्या बाटलीतलं पाणी पोत्यांवर ओतलं.

पण शिंपले सोडायचे कुठे? तळाशी गुडघाभर काळा गाळ साचलेला. त्यात टाकले तर ते रुतून गुदमरणार. त्यांना गाळाच्या वर, रेतीच्या अंथरुणावर ठेवायला हवं होतं आणि भोवतालून पाणी खेळायला हवं होतं. नाजिया पिंजऱ्याचं चित्र कागदावर काढत बसली होती. मिस्त्री उठला, परसात आला आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाला, पिंजरा तयारच आहे. तीन बाजूंनी उघडा, समोर जाळी, खाली टाकं. त्याने कोंबड्यांना हाकललं, मोटर आणि पंखा काढला, ताट्यांच्या जागी तारेची जाळी ठोकली, टाक्यात नदीची रेती भरली. चौघांनी मला उचलून पाण्यात नेलं आणि दगडांच्या चौथऱ्यावर उभं केलं. मैनाबाईने एकेक शिंपला हाताने रेतीत बसवला.

मित्रांनो, तो महिना मी विसरणार नाही. शिंपले आपलं तोंड अगदी बारीक उघडत आणि पाणी आत ओढत. जन्मभर मी जोराने वारा फेकला होता, आता माझ्या आत सगळं इतक्या हळू चालायचं की मला श्वास रोखून राहावंसं वाटे. तीन आठवड्यांनी माझ्या भोवतालचं वीतभर पाणी निवळलं. शाळेतली मुलं रांगेने येऊन ते बघून गेली.

सरकी आली नव्हती म्हणून महिनाभर बंद असलेली गिरणी मग सुरू झाली. आणि एका संध्याकाळी, अजान चालू असताना, पिचिंगच्या दगडाआडून ते काळं पाणी आलं.

शिंपल्यांनी तोंडं गच्च मिटून घेतली. दोन दिवस ती मिटलेलीच होती. तिसऱ्या दिवशी ती उघडली आणि मग परत मिटली नाहीत. दोनशेच्या वर जीव होते. मैनाबाईने ते सगळे टोपलीत काढले आणि पाळीवर खड्डा करून पुरले. घाटावर बसलेला कुणी तरी म्हणाला, शिंपल्यांना कूलरमध्ये जास्तच थंडी वाजली वाटते. लोक हसले.

नाजियाने रेती बघितली, जाळी बघितली आणि तिला वाटलं की माझ्या जुन्या रंगात काही तरी विषारी असणार. आळ माझ्यावर आला. मला हातगाडीवर घालून घरी आणलं. सगळा रंग खरवडून काढायचा असं ठरलं. मिस्त्री तारेचा ब्रश घेऊन माझ्यासमोर बसला. दोन दिवस तो मला घासत होता. मला दुखत नव्हतं. पण ज्या हाताने मला बनवलं तोच हात माझा दोष नाही हे माहीत असून मला घासत होता आणि त्या दोन दिवसांत तो एकदाही धड जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाहिद गिरणीतलं काम संपवून घरी आला. बापाला घासताना बघून तो दारातच उभा राहिला.

"अब्बा," तो म्हणाला, "तो नळ आता मी उघडतो."

"माहीत हाय मले."

"तुमीच तं सांगतलं होतं, तलाव मोठा हाय, काही होत नाई."

मिस्त्री घासत राहिला. कुणाला सांगितलं तर पहिलं नाव माझं निघेल, नोकरी जाईल, मग घर कशावर चालवायचं, असं शाहिद बोलत राहिला. तो चुकीचं बोलत नव्हता. मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं. मग ब्रश खाली ठेवून त्याने नाजियाला हाक मारली आणि दोन्ही मुलांसमोर दहा वर्षांपूर्वीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. पाइप कुठून निघतो, कुठे वळतो, कोणत्या दगडाआड त्याचं तोंड आहे.

मला वाटलं नाजिया रडेल किंवा भांडेल. तिने तो ब्रश उचलून बाजूला ठेवला आणि एवढंच विचारलं, "मैनाबाईले कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने मला पुन्हा हातगाडीवर घातलं आणि घाटावर नेलं. मैनाबाई जाळं विणत बसली होती. मला बघून तिला वाटलं काम परत सुरू होतंय. ती उठायला लागली. मिस्त्री तिच्यासमोर खाली बसला.

"मैनाबाई, शिंपले रुसले नव्हते," तो म्हणाला. "मी मारले."

त्याने सगळं सांगितलं. देवीलालजींचं नाव त्याने घेतलं, पण त्यांच्यामागे लपला नाही. पाइप मी टाकला, असंच तो म्हणत राहिला. मैनाबाईच्या हातातली सुई थांबली होती.

"दहा वर्सं मी चिखल चाचपून राह्यली," ती म्हणाली. "तू काठावरून पाह्यत होता."

"हो."

"नारळ फोडला तवाबी होता."

"होतो."

तिने जाळं गुंडाळून बाजूला ठेवलं. मला वाटलं आता ती त्याला बोलेल आणि त्यालाही तसंच वाटलं असणार, कारण तो मान खाली घालून वाट बघत होता. पण तिने पदर खोचला.

"उठ," ती म्हणाली. "दगड दाखव."

दोघांनी मिळून तो दगड सरकवला. आत हाताच्या पंजाएवढं काळं तोंड होतं आणि भोवतालची माती जळल्यासारखी झाली होती. तोवर घाटावर माणसं जमली. मिस्त्रीने त्या सगळ्यांसमोर पाइपच्या तोंडात दगड-सिमेंट भरलं आणि कुणी विचारलं की तेच पुन्हा सांगितलं. काहींनी त्याला शिव्या दिल्या. एकाने चप्पल उगारली. मैनाबाई मध्ये उभी राहिली. म्हणाली, त्याला मारून टाकलं तर गाळ कोण उपसेल?

पुढच्या आठवड्यात गिरणीत नेहमीप्रमाणे नळ उघडला गेला, पण पाणी जायला वाट नव्हती. ते उलटून गिरणीच्याच आवारात, मालकाच्या ऑफिसच्या पायरीपर्यंत आलं. तेव्हा कुठे मालकाने त्या पाण्यासाठी पक्कं टाकं बांधलं. पण त्याआधी त्याने शाहिदला काढून टाकलं. त्या वर्षी मिस्त्रीच्या घरात फार ओढाताण झाली. शाहिद कितीतरी दिवस बापाशी बोलत नव्हता. शेवटी तो कळंबला ट्रॅक्टरच्या वर्कशॉपात कामाला लागला आणि तिथेच राहू लागला. हेही मी तुम्हाला सांगायलाच हवं, मित्रांनो. खरं बोलल्यावर सगळं लगेच चांगलं झालं, असं मी सांगितलं तर ती लबाडी होईल.

मैनाबाई पुन्हा पूस नदीवर गेली, पुन्हा ओली पोती घेऊन आली. या वेळी मी एकटा नव्हतो. घरोघरचे मोडके कूलर मिस्त्रीने मागून आणले. शाहिद ईदला आला तेव्हा वर्कशॉपातल्या जुन्या जाळ्या घेऊन आला आणि एक शब्द न बोलता बापाशेजारी बसून ठोकू लागला. पाळीच्या कडेने सतरा कूलर उभे राहिले. मैनाबाई रोज यायची, मिस्त्री रोज यायचा. ती त्याच्याशी कामापुरतं बोले. रेती आण, दगड सरकव, जाळी तपास. तिने त्याला माफ केलं की नाही ते मला माहीत नाही. त्यानेही कधी विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पाण्याला वास आला, पण थोडा. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आलाच नाही. बाजाराच्या मैदानासाठी तलावाचा एक कोपरा मात्र बुजवलाच. तिथे आता हातगाड्या उभ्या राहतात. बाकीचा तलाव राहिला आणि भोयांनी त्यात पुन्हा मासे सोडले. मग तिसऱ्या वर्षी, दोन हजार नऊच्या मे महिन्यात, मैनाबाई माझ्या टाक्यातली रेती बदलत होती. रेती चाळता चाळता तिचा हात थांबला. तिच्या बोटांत नखाएवढे तीन शिंपले होते. पोत्यातून आणलेले सगळे तळहाताएवढे होते. हे आणलेले नव्हते.

नाजियाने मुलांना सांगितलं होतं की शिंपल्याचं पिल्लू आधी माशाच्या कल्ल्याला चिकटून राहतं, जरा मोठं झालं की गळून खाली पडतं आणि रेतीत घर करतं. म्हणजे पाण्यात मासे जगत होते, शिंपल्यांना पिल्लं होत होती आणि ती पिल्लं तगत होती. मैनाबाईने मिस्त्रीला हाक मारली आणि त्यातला एक शिंपला त्याच्या तळहातावर ठेवला.

"हा इथंच जन्मला, मिस्त्री," ती म्हणाली.

मिस्त्रीने दुसऱ्या हाताने थोडं पाणी घेऊन त्याच्यावर सोडलं. मग त्याने विचारलं की याला ठेवू कुठे. मैनाबाईने माझ्याकडे बोट दाखवलं. तो वाकला आणि त्याने तो शिंपला माझ्या रेतीत ठेवला.

आता माझी डावी बाजू गंजून पडली आहे. त्या भगदाडातून मासे सरळ आरपार जातात. अजून चारदोन वर्षांत मी विरघळून जाईन, तोवर शिंपले गाळावर आपलं आपण पसरलेले असतील, असं नाजिया म्हणते. मला त्याचं दुःख नाही. एकच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरातून, शाळेतून, गावातल्या कारखान्यातून जे पाणी बाहेर पडतं, त्याच्या मागे मागे एकदा चालत जा आणि ते कुठे पोहोचतं ते आपल्या डोळ्यांनी बघा. तिथे कुणी राहत असेल. आणि कधी एखादं मोठं माणूस मान खाली घालून तुम्हाला आपली चूक सांगायला आलं, तर त्याला हाकलू नका. त्याला जवळ बसवा, सगळं ऐकून घ्या, मग त्याच्या हातात काम द्या आणि ते काम पुरं होईपर्यंत त्याच्यासोबत पाण्यात उभे राहा.